कोंबडी की कावळा

पूर्णा,
ता. ८ नोव्हेंबर १९७४

माय,

तुला सुग्रीवचा, कमलचा आणि वाल्मीकचा जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत. या महिन्यात माझी स्टेशनातली ड्यूटी दिवसाची आहे. धम्मचक्र दिनाला तू आली होतीस तेव्हा रेल्वेच्या दवाखान्यातून आणलेले थेंब रोज डोळ्यात टाकत जा. डोळ्याला विशेष काही झालेले नाही. वयोमानाने थोडे धुरकट दिसायचेच, असे डॉक्टर म्हणाले.

कमलच्या मनात तुला एक चांगले लुगडे घ्यायचे आहे. परभणीला मिळते तसे इथे मिळत नाही. तर ता. २८ला सकाळच्या एस.टी.ने मी देवगाव फाट्यावर येतो. तू तात्यारावांसोबत फाट्यापर्यंत ये. परभणीला लुगडे घेऊ, मग थोडे दिवस पूर्णेला राहा.

तुझा,
सुग्रीव

तात्याराव, इथून खालचे फक्त तुमच्यासाठी आहे. मायला वाचून दाखवू नये. तिचा एक डोळा लहानपणी देवीत गेला, हे तुम्हाला माहीत आहेच. आता उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आहे. परभणीच्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे मी २८ तारखेला तिचे नाव लावले आहे. लुगड्याचे निमित्त आहे. शंभरात चार-पाच जणांचा डोळा ऑपरेशनात जातो, असे ते म्हणाले, पण हे तिला कळता कामा नये. कळले तर ती येणारच नाही. सारजाताईलाही कळवू नका. ती येलदरीहून उठून येईल आणि ऑपरेशन नकोच म्हणत बसेल.


खडकवाडी,
ता. १५ नोव्हेंबर १९७४

सुग्रीवास मायचा जयभीम.

तुझं पत्र पावलं. लुगड्याचं ऐकून लय बरं वाटलं. हिरवं घे. ऑपरेशनात पडून राहिल्यावर चुरगळणार न्हाई, असं आसंल तर बघ.

आता तू टोपी काढून डोकं खाजवायलास, ते मला हितून दिसायलंय. एका डोळ्यानं, आन त्यो बी धुरकट. मायला कुणी सांगितलं? तूच सांगितलंस की रे! पूर्णेच्या इंजनांच्या आवाजात तू आपलं गाव इसरलास. आरं, तात्यारावला मनातल्या मनात वाचता येतं का? त्यो चाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकला, ती विहारात समद्यांना पेपर वाचून दाखवायला. ओठ हालल्याबिगर त्याला अक्षर दिसत न्हाई. हे बी त्यो आता बोलत बोलतच लिहायलाय, आन तोंड वाकडं करायलाय.

विहाराच्या पायरीवर आमी बसलेलो. मी, कडूबाई, सगुणाबाई आन सगुणाबाईच्या दोन शेळ्या. त्यानं खणखणीत वाचलं, “मायला वाचून दाखवू नये.” मंग थांबला. उपरण्यानं घाम पुसला. मी म्हणलं, थांबलास कामून? त्यो म्हणला, पुढचं तुमाला ऐकवायचं न्हाई म्हणून लिवलंय. म्हणलं, मंग तू वाच, मी ऐकत न्हाई. आन त्या देवमाणसानं वाचलं! शेवटच्या अक्षरापर्यंत. शेळ्या सुदीक चरायच्या थांबल्या.

सारजाला मीच कळवलं. तिचा उलटा निरोप आलाय. हाय तेवढा डोळा जप, कुणाला हात लावू देऊ नको. म्हंजे लेक म्हणतो काप, लेक म्हणती झाक. दोघांचं भांडण माझ्या एका डोळ्यावर. डोळा कुणाचा, हे कुणी इचारलं का?

शंभरातले चार-पाच जातात, हे मला कळतंय. साठ वर्सं पेरणी केली मी. शंभर दाणे मातीत टाकले तर चार-पाच उगवत न्हाईत, त्याचं कुणी रडत बसत न्हाई. पण लेकरा, माझ्या ओटीत दाणा एकच हाय.

तरी मी येते. डॉक्टरला मला बी चार गोष्टी इचारायच्यात. फकस्त तात्याराव फाट्यावरून माघारी जाणार न्हाई, परभणीपर्यंत संगं येणार. तिथं जो कागद निघंल त्यो तात्याराव वाचणार, मी ऐकणार, मंग बघू. अंगठा माझ्या हाताला हाय, तुझ्या न्हाई.

लुगडं मातर घ्यायचंच. आता बोललास.

निशाणी अंगठा,
केशरबाई


खडकवाडी,
ता. २ डिसेंबर १९७४

सारजास मायचा जयभीम.

डोळा जाग्यावर हाय. आधी हे ऐक, मंग जावयाला बी सांग, न्हाईतर तू येलदरीच्या धरणाच्या भिंतीवर बसून रडायचीस.

परभणीच्या दवाखान्यात ओसरीला पंचवीस-तीस माणसं व्हती. समद्यांच्या डोळ्याला काय ना काय. कंपौंडरनं कागद आणला, म्हणला आजी, हितं अंगठा करा. सुग्रीव शाईची डबी उघडायला लागला. मी मूठ झाकली. म्हणलं, तात्याराव, वाच. आन आपल्या तात्यारावचं तर तुला ठाव हाय, वाचायचं म्हणलं की त्यो उभाच राहतो. गळा साफ केला आन विहारातल्यावानी सुरू झाला, “सदर शस्त्रक्रियेत काही बरेवाईट झाल्यास सर्वस्वी जबाबदारी माझी राहील…” पाथरीकडचे दोघं जण हळूच उठले आन चपला शोधायला लागले. कंपौंडर म्हणला, आवो बाबा, हळू! त्यो म्हणला, हळू मला येत न्हाई.

तेवढ्यात डॉक्टर आतून आला. मला वाटलं आता वरडतंय. पण त्यो तरणा माणूस पोट धरून हसला. त्या दोघांना म्हणला, बसा, तुमच्या डोळ्यात नुसती रांजणवाडी हाय. मंग आमाला तिघांना आत नेलं आन खुडचीवर बसवलं. बॅटरीनं लय येळ डोळा बघितला. मंग सुग्रीवकडं न बघता मला म्हणला, आजी, तुमाला काय बघायचंय?

सारजे, साठ-पासष्ट वर्सं झाली, असं कुणी इचारलं नव्हतं बघ.

मंग म्हणलं, दादा, सुईत दोरा ओवायचा तर शेजारच्या पोरी ओवून देतात. भाकर भाजली का ते वासानं कळतं. माणूस पावलावरून वळखते. पण माझ्या सहा कोंबड्या हायत. पिल्लं निघाली की कावळे टपून बसतात. कोंबडीला दाणे टाकायचे आन कावळ्याला दगड मारायचा. ज्या दिवशी ह्याच्यात उलटं व्हईल, त्या दिवशी मी कामातून गेले.

डॉक्टर म्हणला, आज वळखू येतंय का? म्हणलं, येतंय. त्यो म्हणला, मंग आज घाई न्हाई. मोतीबिंदू हळूहळू पिकायलाय. आज केलं तरी चालतंय, थांबलं तरी चालतंय. पण लय थांबू नका. पार पिकून गेला तर डोळा ठणकतो, मंग ना तुमाला इचारता येईल ना मला.

मंग सुग्रीवकडं वळला. तुमी सांगा, तुमाला घाई कशाची? तर तुझा भाऊ एवढा मोठा रेल्वेतला माणूस, त्याच्या तोंडातून शब्द निघंना. डॉक्टर त्याला म्हणला, ऑपरेशननंतर आठ दिवस उताणं पडून राहायचं, डोक्याला दोन्हीकडून रेतीच्या पिशव्या. खोकायचं न्हाई, वाकायचं न्हाई, जोरात हसायचं न्हाई. कोण बघंल त्यांच्याकडं? सुग्रीव म्हणला, कमल बघंल. डॉक्टर म्हणला, कमलबाईंना इचारलं का? ह्यानं टोपी काढून डोकं खाजवलं!

मी म्हणलं, दादा, बाकी समदं जमंल, पण आठ दिवस हसायचं न्हाई म्हंजे अवघड हाय. हे तात्याराव भेटायला आले तर? डॉक्टर म्हणला, त्यांना येऊ देणार न्हाई.

तर आमचं असं ठरलं. तीन म्हयन्यांनी दाखवायचं. त्याच्या आधी कोंबडी-कावळ्यात घोळ झाला तर लगेच यायचं. डॉक्टरनं हे कागदावर लिवलं. मी म्हणलं, काय लिवलं ते वाचू द्या. तात्यारावनं वाचलं, “कोंबडी की कावळा, हे ओळखता येईनासे झाल्यास शस्त्रक्रिया.” मंग त्याच्यावर मी अंगठा केला. माझ्या शब्दावर माझा अंगठा, पहिल्यांदा.

तू म्हणतीस कधीच नको, सुग्रीव म्हणतो आत्ताच पाहिजे. दोघं बी आपापल्या भेवानं बोलायलाव. मी म्हणते, येळ आली की.

लुगडं हिरवं घेतलं. काठ तांबडा हाय म्हणतात.

निशाणी अंगठा,
केशरबाई


खडकवाडी,
ता. २० फेब्रुवारी १९७५

सुग्रीवास मायचा जयभीम.

तुझं कार्ड पावलं. जवारी काढून झाली. हुरड्याला तू आला न्हाईस, त्याचा राग सरलाय.

डोळ्याचं इचारलंस. झकास हाय. रोज सकाळी अंगणात दाणे टाकते. कोंबडी कोंबडीवानी दिसती, कावळा कावळ्यावानी. एकदा बी चुकले न्हाई. तात्याराव साक्षीला हाय, आता मुंडी हालवायलाय. तीन म्हयने व्हत आले हे मला ठाव हाय, पण सध्या परभणीला येणं जमायचं न्हाई. वाळवणं हायत, सगुणाबाईची लेक बाळंतपणाला आलीय, आन ऊन बी वाढायलंय. पावसाळ्यानंतर बघू. फिकीर करू नको.

कमलला सांग, तिनं पाठवलेला साबण चांगला हाय.

निशाणी अंगठा,
केशरबाई


खडकवाडी शिवार,
ता. २४ फेब्रुवारी १९७५

आयुष्मान सुग्रीव यांसी तात्यारावाचा सविनय जयभीम.

पत्रास कारण की, मी हे पत्र गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या खडकावर बसून लिहीत आहे. घरी लिहिता येत नाही, कारण बोलल्याशिवाय माझा हात चालत नाही, हे आपणास ठाऊक आहे. आसपास कोणी नाही. पलीकडे दोन-तीन बाया गवत कापत आहेत, परंतु त्या लांब आहेत.

मागील पत्रात मी मुंडी हलवली, असे लिहिले आहे. मुंडी मी आडवी हलवली होती. केशरवहिनींस ते दिसले नाही. यातच सर्व आले.

खरी हकीकत अशी की, संक्रांतीच्या सुमारास वहिनींनी स्वतःच्या काळ्या कोंबडीला दगड मारला. कोंबडी लंगडली. दुसरे दिवशी वहिनींनी ती काळी कोंबडी सगुणाबाईस देऊन टाकली. आता त्यांच्या अंगणात पाचही कोंबड्या पांढऱ्या आहेत. म्हणजे पांढरे ते कोंबडी आणि काळे ते कावळा. मी म्हणालो, वहिनी, ही परीक्षेत कॉपी झाली. तर म्हणाल्या, मी शाळेतच गेले नाही, मला कॉपीचे काय सांगतोस?

परवा त्यांनी तापल्या तव्यावर हात टेकला. दोन बोटे भाजली आहेत. डावा हात आहे. तो त्या पदराखाली ठेवतात.

मी रागावलो. तेव्हा हसल्या नाहीत. प्रथमच हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तात्या, आज धुक्यातलं का व्हईना, सुग्रीवाचं तोंड मला दिसतंय. कापून ते बी गेलं तर? मंग मला पूर्णेला नेऊन खोलीत बसवतील. हितं मला वाट पाठ हाय. तिथं मी कुणाचा हात धरू?”

हे त्यांनी मला लिहू नको म्हणून सांगितले होते. मी वचनभंग करीत आहे. आपण त्यांना फसवून नेऊ नये. त्या येणार नाहीत, आणि आल्या तरी मनाने येणार नाहीत.

आपला,
तात्याराव

ता.क. गवत कापणाऱ्या बायांनी कापणे थांबवले आहे. मला वाटते त्या ऐकत आहेत. त्यांत कडूबाई आहे.


पूर्णा,
ता. १ मार्च १९७५

माय,

तुला जयभीम. तात्याराव, हे पत्र पायरीवर उभे राहून वाचा. खाली काही लपवलेले नाही. कडूबाईंनाही बोलवा.

तुझ्या हाताला काय झाले ते मला कळले. मी चिडणार होतो. कमल म्हणाली, चिडायचा हक्क तुम्हाला नाही, लपवाछपवीची सुरुवात तुम्हीच केलीत.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारले होते, घाई कशाची. तेव्हा बोलता आले नाही, आता सांगतो. गेल्या पावसाळ्यात मी गावी आलो होतो. तू मला वाढलेस आणि कालवण ताटाबाहेर ओतलेस. मी बोललो नाही. बोटाने जमिनीवरचे पुसून घेतले आणि म्हणालो, माय, झणझणीत झालेय. तेव्हापासून जेवायला बसलो की ते ताट आठवते. मला वाटले, झटकन कापून मोकळे झाले म्हणजे ते आठवायचे थांबेल. भीती माझी होती आणि डोळा तुझा कापायला निघालो होतो.

या वेळी कमलला विचारले. ती म्हणाली, आठ दिवस काय, महिनाभर बघेन, पण सासूबाईंनी त्या काळात माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवायचे नाही.

आता पूर्णेच्या खोलीचे. डोळा वाचला तर प्रश्नच नाही. पण त्या चार-पाचांत तू निघालीस, तर मी तुला इथे ओढून आणणार नाही. रजा काढून गावी येईन आणि तुझ्या दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून विहाराच्या पायरीपर्यंत दोरी बांधून देईन. मेखा मी स्वतः ठोकीन. कुणाचा हात धरायची गरज पडणार नाही. हे मी लिहून देत आहे आणि तात्याराव साऱ्या गावाला ऐकवत आहेत, म्हणजे मला मागे फिरता यायचे नाही.

नको म्हणालीस तर नको. पुन्हा विचारणार नाही. फक्त एकदा डॉक्टरांना दाखवू, तीन महिन्यांचे ठरले होते म्हणून. बाकी तू म्हणशील तसे.

तुझा,
सुग्रीव


खडकवाडी,
ता. ६ मार्च १९७५

सुग्रीवास मायचा जयभीम.

तात्याराव दोनदा वाचताना अडला. दोरीपाशी आन कालवणापाशी. अक्षर पुसट हाय म्हणला. सगुणाबाई म्हणली, अक्षर न्हाई, तुझा डोळा पुसट झालाय.

त्यानं तुला चोरून लिवलेलं पत्र मला तुझ्याआधी कळालंय. डब्यात टाकायच्या आदुगरच कडूबाईनं येऊन बोलून दाखवलं. पोष्टापेक्षा ती बरी.

काळी कोंबडी माघारी आणली. लंगडती, पण आली. आज सकाळी दाणे टाकले. ती आली का कावळा आला, मला कळालं न्हाई. म्हंजे कागदावर लिवलंय तसं झालं. आपल्या अंगठ्याला आपण जागायला पाहिजे.

मी येते. कुणी न्यायला नको, फाट्यापर्यंत वाट पाठ हाय. कमलला सांग, तिचा सैपाक मी मुकाट खाईन. पण आठच दिवस. नवव्या दिवशी बोलणार.

दोरी मातर जाड बघून ठेव. लागू नये, पण ठेव.

निशाणी अंगठा,
केशरबाई


खडकवाडी,
ता. १२ मे १९७५

सुग्रीवास, कमलला आन वाल्मीकला मायचा जयभीम.

मी खुशाल पोचले. एस.टी.त डायवरच्या मागची जागा मिळाली. गावात माझ्या चष्म्याला बघायला ही गर्दी! काचा केवढ्या जाड त्या! कडूबाई म्हणती, तुझा डोळा आता म्हशीएवढा दिसतो. म्हणलं, मला तुझं तोंड बी तेवढंच दिसायलंय.

चष्मा घातला की समदं थोरलं होऊन म्होरं येतं. कोंबडी बदकाएवढी. काळीला मी पहिल्या झटक्यात वळखलं. तिनं बी मला वळखलं, आन लांब पळाली. तिच्या दगड ध्यानात हाय. लुगड्याचा काठ तांबडा न्हाई, जांभळा हाय. परभणीच्या दुकानदारानं तुला आन तात्यारावला, डोळे असणाऱ्यांना, फसवलं.

आणिक एक. तात्याराव कागदावर लिहायलाय ते मी आता वाकून बघायलेय. मी एवढं बोलले आन हे एवढंसंच लिवलंय! म्हणलं, बाकीचं कुठं गेलं? त्यो म्हणतो, वहिनी, अक्षरात गेलं की मावतं. मला काय हे पटलं न्हाई. आता लक्ष ठेवून हाय.

कमलला सांग, आठ दिवस तिनं माझं डोकं धरून ठेवलं, चमच्यानं पाजलं, माझ्या अंगावर वरडली न्हाई, आन मला हसवलं बी न्हाई. ह्यातलं शेवटचं लय अवघड व्हतं, ते तिनं केलं. कालवणात मीठ कमी व्हतं. नववा दिस कवाच झाला, म्हणून सांगते.

दोरी तू घेऊन ठेवली व्हतीस, ती माझ्याकडं दे. वाळवणाला बांधते.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायलेय ते सांगते. दवाखान्यात डॉक्टरनं पहिल्यांदा चष्मा चढवला, तवा म्होरं एक माणूस उभा व्हता. कानाजवळ पांढरे केस, कपाळाला आठ्या, डोळ्याखाली काळं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी बाप आसंल. मंग त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

तू इचारलंस, माय, दिसतंय का? मी म्हणलं, दिसतंय. तुला वाटलं माय एवढंच कशी बोलली. आरं, डॉक्टरनं रडू नका म्हणून बजावलं व्हतं, ताण पडतो म्हणं.

मोतीबिंदूचं लपवलंस, शंभरातल्या पाचांचं लपवलंस, समदं मला वाचून दाखवलं गेलं. पण तू म्हातारा व्हायलास, हे एकाही पत्रात कुणी लिवलं न्हाई रे. रात्रपाळी कमी करून घे. डोक्याला तेल लावत जा. आन येत्या म्हयन्यात गावी ये. ताटातच वाढते.

निशाणी अंगठा,
केशरबाई